मान वळत नसेल तर साइट डोळ्यापाशी आणावी

रायफल नेमबाजी शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी गाल चीकपीसवर (रायफलच्या दस्त्यावरील गालाच्या आधारावर) टेकवून साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या साधनातून, पाहायला सांगितले जाते. ज्याची मान मोकळी आहे तो नकळत डोके पुढे नेतो, थोडे झुकवतो, किंचित कलते करतो आणि डोळा पीप साइटच्या (बारीक छिद्राच्या साइटच्या) मागे नेऊन ठेवतो. माझ्या मानेचे खालचे दोन मणके शस्त्रक्रियेने जोडलेले आहेत, त्यामुळे ही तडजोड मला जमत नाही; जमवायचा प्रयत्न केला की काही शॉटनंतर खांदा ताठरतो आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, पसरू लागतो. म्हणून रायफलची मांडणी उलट क्रमाने करावी लागली. डोके जिथे विनासायास स्थिर राहते ती जागा आधी ठरवायची आणि मग साइट तिथवर न्यायची. अशीच अडचण असलेल्या नवख्या नेमबाजांसाठी हा क्रम येथे मांडत आहे.

सर्वांत आधी, कोणती हालचाल कमी आहे हे नेमके समजून घ्यावे. मान पुढे-मागे वाकते, डावी-उजवीकडे वळते आणि बाजूला कलते, आणि या तीनही हालचाली सारख्याच प्रमाणात अडलेल्या असतात असे नाही. मान वळवण्याच्या एकूण क्षमतेपैकी जवळपास निम्मी क्षमता सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधील सांध्यात असते. त्यामुळे खालचे मणके जोडलेल्या माणसाला मान बरीच वळवता येते, पण वाकवताना अडचण येते, तर वरचे मणके जोडलेल्याची स्थिती याच्या अगदी उलट असते. संपूर्ण कणाच ताठ करणाऱ्या संधिवातात तिन्ही हालचाली आक्रसतात. फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येक हालचालीचे अंश मोजून घ्यावेत, आणि शस्त्रक्रिया झालेली असल्यास सर्जनची परवानगी घेतल्याशिवाय रायफल खांद्याला लावू नये.

या मोजमापाचा पहिला उपयोग खांदा निवडताना होतो. उजव्या खांद्यावरून उभ्याने नेम धरणाऱ्याची डावी बाजू लक्ष्याकडे असते आणि त्याला मान डावीकडे वळवावी लागते. डावीकडची हालचाल कमी आणि उजवीकडची चांगली असेल, तर डाव्या खांद्यावरून शिकायला सुरुवात करण्याचा विचार अवश्य करावा. सवय पक्की झाल्यावर हा बदल फार जड जातो, नवख्याला मात्र त्याची किंमत जवळजवळ शून्य असते. अर्थात त्या बाजूचा डोळा नेम धरण्याजोगा असला पाहिजे. खांदा बदलणे शक्य नसेल, तर शरीर लक्ष्याकडे थोडे अधिक उघडे ठेवून मान कमी वळवावी लागते, पण मग रायफलचा भार हाडांवरून सरकून स्नायूंवर येतो, म्हणून हा उपाय बेताने वापरावा.

यानंतर रायफल, आणि तीही साइटपासून नव्हे तर मागच्या टोकापासून. रिकामी रायफल, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) आणि शेजारी प्रशिक्षक अशा तयारीने पवित्रा घ्यावा, डोळे मिटावेत, डोके सरळ आणि सैल ठेवावे आणि मग डोळे उघडून साइट कुठे आहे ते पाहावे. ती डोळ्याच्या खाली राहिली असेल, तर आधी बट प्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) खाली सरकवावी. बट प्लेट खाली गेली की खांद्यावर रायफल तेवढी वर येते. मग चीकपीस वर घ्यावा, जेणेकरून गालाला आधार मिळेल पण डोके बाजूला ढकलले जाणार नाही. भुवईच्या टोकाशी डोळे ताणून पाहावे लागणे हे डोके अजून झुकलेले असल्याचे लक्षण आहे. साइट फार पुढे राहत असेल, तर मान पुढे काढण्याऐवजी बॅकसाइट (डोळ्याजवळची पीप साइट) रेलवर मागे सरकवावी. एवढे करूनही जे अंतर उरते, तेवढ्यासाठीच साइटखालचे रायझर ब्लॉक (साइट उंच करणारे ठोकळे) घ्यावेत. बहुतेक जण खरेदी ब्लॉकपासून सुरू करतात, हे मला उलटे वाटते.

ब्लॉक फोरसाइट (नळीच्या टोकाजवळची साइट) आणि बॅकसाइट या दोन्हींखाली सारख्याच उंचीचे हवेत. दोन्ही साइट २० मिलिमीटर उंच केल्या, तर नेमाची रेषा पूर्वीच्या रेषेला समांतर राहून २० मिलिमीटर वर जाते, म्हणजे शॉट तेवढाच खाली लागतो. दोन साइटमधील अंतर ८०० मिलिमीटर धरले, तर १० मीटरवर ही भरपाई करण्यासाठी बॅकसाइट सुमारे १.६ मिलिमीटर वर न्यावी लागते. ५० मीटरवर हेच काम जेमतेम ०.३ मिलिमीटरमध्ये होते. तुमच्या बॅकसाइटला तेवढा वाव उरला आहे का, हे ब्लॉक बसवण्यापूर्वी पाहावे.

मान कलत नसेल, तर रायफलच डोक्याकडे थोडी कलती धरता येते. साइट उंच असल्यास कलण्यामुळे होणारी चूक वाढते असे अनेक जण बजावतात. ज्या अंतरावर रायफल झिरो केलेली आहे, म्हणजे नेम धरला तिथेच शॉट लागेल अशी साइट जुळवलेली आहे, तिथे गणित तसे सांगत नाही. नेमाच्या रेषेभोवती रायफल कलली, तर शॉट बाजूला किती जाईल हे पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) त्या अंतरात किती खाली येते यावर ठरते. सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटलेले पेलेट १० मीटरमध्ये साधारण १७ मिलिमीटर खाली येते, म्हणून कल ३ अंशांनी बदलला तर शॉट सुमारे ०.९ मिलिमीटर सरकतो. लक्ष्यावरील लगतच्या दोन वर्तुळांतील अंतर २.५ मिलिमीटर असल्याने दशांश गुणांकनात हा तीन-चार दशांशांचा फटका आहे. कायम तोच कल राहिला तर तो झिरो करतानाच भरून निघतो. त्रास होतो तो दर शॉटला बदलणाऱ्या कलाचा. त्यासाठी स्पिरिट लेव्हल (कल दाखवणारी बुडबुड्याची नळी) असलेली फोरसाइट उपयोगी पडते.

स्पर्धेत उतरायचे असेल, तर फोरसाइटचे केंद्र नळीच्या मध्यरेषेपासून किती दूर असू शकते याला मर्यादा आहे आणि उपकरण तपासणीत ती मोजली जाते, म्हणून चालू नियमावली पाहूनच ब्लॉकची उंची ठरवावी. रेड डॉट साइट (भिंगात लाल ठिपका दाखवणारी) डोक्याच्या जागेबाबत अधिक सहनशील असते, मात्र आंतरराष्ट्रीय १० मीटर एअर रायफल प्रकारात भिंग असलेली साइट चालत नाही; निव्वळ छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्याने ती जरूर वापरावी. पॅरा नेमबाजीत एसएच१ गटातील खेळाडू रायफलचे वजन स्वतः पेलतात आणि एसएच२ गटातील खेळाडूंना स्टँडचा आधार मिळतो, पण केवळ मान ताठ असल्याने या गटांत आपोआप प्रवेश मिळत नाही. ते वर्गीकरण करणारे तज्ज्ञ ठरवतात.

पालथे झोपून नेम धरण्याचा प्रकार मी शेवटी ठेवला, आणि तुम्हीही तसेच करावे. त्यात मान मागे वाकवून धरावी लागते आणि ती हालचाल अडली असेल, तर उंच साइटही अर्धेच काम करते. उरलेले काम कोपर किंचित जवळ घेऊन छाती उचलल्याने होते. मात्र स्पर्धेत रायफल तोलणाऱ्या हाताच्या कोपर ते मनगट या भागाचा जमिनीशी होणारा कोन ३० अंशांपेक्षा कमी राहू देता येत नसला, तरी तो फार वाढवल्यास पवित्रा डळमळतो, म्हणून छातीची उंची आणि साइटची उंची आलटून-पालटून थोडी थोडी बदलत पाहावी आणि प्रत्येक बदलानंतरची मापे वहीत लिहून ठेवावीत.