प्रोस्टासायक्लिन अ‍ॅनालॉग आणि रक्तवाहिन्या: प्रयोगातील या चुका टाळा

प्रोस्टासायक्लिन हा रक्तवाहिन्या शिथिल करणारा शरीरातील पदार्थ, आणि त्याचे अ‍ॅनालॉग म्हणजे त्याच्यासारखी रचना असलेली औषधे. धमनीची कडी ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात) टांगली, इलोप्रॉस्ट हे अ‍ॅनालॉग घातल्यावर ती शिथिल झाली, म्हणजे हे काम आयपी रिसेप्टरचेच (पेशीवरील प्रोस्टासायक्लिनच्या ग्राहीचेच), असे लगेच लिहून टाकणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. इलोप्रॉस्टची ईपी1 या दुसऱ्या प्रोस्टाग्लँडिन रिसेप्टरकडे ओढ आयपीइतकीच प्रबळ आहे, आणि ट्रेप्रोस्टिनिल हे अ‍ॅनालॉग तर डीपी1 व ईपी2 या त्याच कुटुंबातील रिसेप्टरना आयपीपेक्षाही घट्ट धरते. त्यामुळे आयपीचा अवरोधक, उदाहरणार्थ आरओ1138452, आधी देऊन मात्रा-प्रतिसाद आलेख उजवीकडे सरकतो का, हे पाहिल्याखेरीज रिसेप्टरचे नाव घेऊ नये. मोठ्या मात्रेला आलेख उलट फिरून ताण वाढू लागला, तर ऊती थकली असे समजून ते बिंदू वगळू नयेत. काही वाहिन्यांत ईपी3 मार्फत होणारे आकुंचन याच ठिकाणी डोके वर काढते.

दुसरी चूक द्रावणाची. 1976 मध्ये जॉन व्हेन, साल्व्हादोर मोंकाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेले प्रोस्टासायक्लिन शरीराच्या तापमानाला आणि पीएचला काही मिनिटांतच विघटित होऊन 6-कीटो-पीजीएफ1-अल्फा या जवळजवळ निष्क्रिय पदार्थात बदलते. इलोप्रॉस्टच्या वलयात ऑक्सिजनच्या जागी कार्बन असल्याने ते टिकते. म्हणून बाथमध्ये इलोप्रॉस्ट अधिक प्रभावी दिसले, तर त्याचे श्रेय रिसेप्टरला देण्यापूर्वी तुलनेसाठी घेतलेले एपोप्रोस्टेनॉल (औषध म्हणून बनवलेले प्रोस्टासायक्लिन) ताजे, अल्कधर्मी बफरमध्ये आणि बर्फावर ठेवलेले होते का, हे तपासावे. तोच बफर बाथमध्ये जास्त पडला तर पीएच बदलून वाहिनीचा ताण स्वतंत्रपणे हलतो, तेव्हा नुसत्या बफरची, आणि अ‍ॅनालॉग इथेनॉलमध्ये विरघळवले असल्यास नुसत्या इथेनॉलची, नियंत्रण चाचणी हवीच.

पूर्वआकुंचनासाठी, म्हणजे औषध देण्यापूर्वी वाहिनी आकुंचित करण्यासाठी, केवळ पोटॅशियम क्लोराइड वापरू नये, कारण या औषधांच्या परिणामाचा जो भाग पोटॅशियम वाहिन्या (पेशीपटलातील पोटॅशियमचे मार्ग) उघडण्यावर अवलंबून असतो, तो त्यात झाकला जातो. यू46619 किंवा फेनिलएफ्रिन या आकुंचन घडवणाऱ्या पदार्थांसोबत पडताळावे. ऊती स्वतः तयार करत असलेले प्रोस्टॅनॉइड (प्रोस्टासायक्लिनच्या कुटुंबातील पदार्थ) थांबवण्यासाठी इंडोमेथासिन द्यावे, आणि वाहिनीचा अंतःस्तर (सर्वांत आतला पेशींचा थर) शाबूत आहे की नाही हे अ‍ॅसिटिलकोलीनने आधी पाहून नोंदवावे.

एकाच कडीवर दुसरा आलेख काढायचा असेल, तर आयपी रिसेप्टर वारंवार उत्तेजनाने मंदावतो हे ध्यानात ठेवून, अवरोधक न दिलेली जोडीची कडी त्याच वेळापत्रकाने चालवावी.