सर्व्हिस रेकॉर्डवर मेडल चढलेलं नाही? अर्ज करायच्या आधी या चुका टाळा

फौजेतनं रिटायर होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात, भिंतीवरच्या फोटोत छातीवर पाच मेडलं दिसतात आणि डिस्चार्ज बुक (रिटायर होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) उघडलं की मेडलच्या रकान्यात तीनच नावं. गडहिंग्लज, कागल, शिरोळ, कुठंही जावा, असं एखादं तरी घर सापडतंच. जोवर आजोबा धडधाकट असतात तोवर कुणाला काही वाटत नाही, पण पोरांनी कागद हातात घेतले की मग धावाधाव सुरू होते, आणि तिथंच बहुतेक लोक चुकीच्या दाराला जाऊन वर्ष-दोन वर्षं घालवतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. फौजीनं जी नोकरी केली ती कागदावर पूर्ण दिसलीच पाहिजे, मग त्यातनं एक रुपया मिळो न मिळो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्जात "मला मेडल द्या" असं लिहिणं. मेडलचा धातूचा तुकडा वेगळा आणि मेडलची नोंद वेगळी. पूर्वी मेडलं बनून यायलाच वर्षानुवर्षं लागायची, जवान मिलिटरी टेलरकडनं डुप्लिकेट घेऊन परेडला लावायचे आणि तसेच घरी यायचे. त्यामुळं घरात मेडल आहे म्हणजे नोंद आहे असंही नाही आणि मेडल नाही म्हणजे हक्क नाही असंही नाही. आधी नोंद बरोबर करून घ्यायची, धातू नंतर.

आता नोंद होते कशी ते बघा, कारण हे कळलं की निम्मं काम झालं. जवान किंवा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) मेडलला पात्र झाला की त्याच्या युनिटनं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेतली नोंद करायचा लेखी आदेश, काढायची असते. ती पलटणीच्या किंवा कोरच्या सगळ्यांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथं त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रकावर, नोंद चढते, आणि रिटायर होताना शीट रोलवरनं डिस्चार्ज बुक भरलं जातं. जमिनीचा फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही ना, अगदी तसंच. मग नोंद गळाली तर ती तीनपैकी एका ठिकाणी गळते. एक, पार्ट टू ऑर्डर निघाली, शीट रोलवरही आहे, फक्त डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली. दोन, ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढलीच नाही. तीन, युनिटनं ऑर्डरच काढली नाही. पहिल्या प्रकारात एक साधा अर्ज पुरतो, दुसऱ्यात ऑर्डरचा नंबर आणि तारीख लागते, तिसऱ्यात मात्र पुरावे गोळा करायला लागतात आणि वेळही जातो. लोक काय करतात, आपलं गळालंय कुठं हे न बघताच डायरेक्ट तिसऱ्या प्रकारातला भांडणाचा अर्ज लिहितात.

म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसकडनं शीट रोलची कॉपी मागवा. साधा अर्ज करून मिळाली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन असतं. फक्त माहिती अधिकारात "माझं मेडल का दिलं नाही" असले प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "माझ्या शीट रोलची आणि मेडलसंबंधी पार्ट टू ऑर्डरची प्रमाणित प्रत द्या" एवढंच मागायचं, म्हणजे कागद मागायचा, कारण नाही.

तिसरा प्रकार कुणाच्या बाबतीत जास्त होतो हे सांगतो. जो माणूस आपल्या पलटणीपासून लांब होता त्याच्या. राष्ट्रीय रायफल्समध्ये गेलेला (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या आरआर बटालियन 17, 27, 41 आणि 56), कुठल्या ब्रिगेड हेडक्वार्टरला अटॅच असलेला, कोर्सला गेलेला, मिलिटरी हॉस्पिटलात पडलेला. तिकडच्या युनिटला वाटतं याची मूळ पलटण ऑर्डर काढेल, मूळ पलटणीला वाटतं तिकडनं निघाली असेल, आणि मधल्या मधे माणूस राहून जातो. उच्च तुंगता मेडलचंच घ्या, नऊ हजार फुटांच्या वर एकूण 180 दिवस काढले की ते मिळतं, पण हे दिवस दोन वेगवेगळ्या पोस्टिंगमध्ये तुकड्या-तुकड्यानं झाले असतील तर बेरीज कोण करणार? तुम्हीच करायची. कुठल्या तारखेपासनं कुठल्या तारखेपर्यंत कुठं होतो याचा एक तक्ता स्वतः बनवा आणि अर्जाला जोडा.

दुसरी चूक चुकीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाकायची. आपल्याकडं बहुतेक जण मराठा पलटणीचे, त्यांचं रेकॉर्ड बेळगावला, म्हणजे कागल-निपाणी-संकेश्वर करत हायवेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण म्हणून सगळ्यांचंच बेळगावला नसतं. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्याला खडकीत, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी कोर) सिकंदराबादला, आर्मी मेडिकल कोरचं लखनौला. रिटायर झाल्यावर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोर) लागलेल्यांचं तर अजून वेगळं, त्या दुसऱ्या नोकरीचं रेकॉर्ड केरळात कन्नूरला असतं, आणि पहिल्या नोकरीतलं मेडल कन्नूरवाले लावू शकत नाहीत. डीएससीची पेन्शन घेणारे लई लोक इथं अडकतात.

आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय? तिथले लोक मदत करतात, अर्ज बघून देतात, फॉरवर्डिंग लेटर देतात, ते जरूर घ्या. पण ते राज्य सरकारचं ऑफिस आहे, फौजेचं रेकॉर्ड बदलायचा अधिकार त्यांच्याकडं नाही. तसंच स्पर्श पोर्टल पेन्शनसाठी आहे, ईसीएचएस दवाखान्यासाठी, आणि कोल्हापुरातल्या टेंबलाईवाडीचा टीए (टेरिटोरियल आर्मी) कॅम्प तुमच्या जुन्या पलटणीचं रेकॉर्ड ठेवत नाही. स्पर्शवर तक्रार टाकून उत्तराची वाट बघत बसलेले लोक मी बघितलेत. तिकडनं उत्तर येतं की हा विषय आमचा नाही, आणि ते बरोबरच असतं.

बरं, मागायचं काय यातही घोळ असतो. काही मेडलं अशी आहेत की त्या तारखेला नोकरीत होता एवढंच पुरतं. 15 ऑगस्ट 1972 ला नोकरीत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं मेडल, 15 ऑगस्ट 1997 ला असलेल्यांना पन्नासाव्या वर्धापनाचं. ही दोन राहिली असतील तर भरतीची आणि डिस्चार्जची तारीख हाच पुरावा, बाकी काही शोधत बसू नका. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची मेडलंही अशीच, वर्षं मोजून मिळणारी. पण लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल हे त्यातलं नाही, ते ठराविकच लोकांना निवडून देतात, त्यामुळं "मी वीस वर्षं केली, मग मला ते का नाही" असा अर्ज केला की तो परत येणार. 1971 च्या लढाईत संग्राम मेडल बहुतेकांना मिळालं, पण पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार लढाईच्या भागात असलेल्यांना, त्यामुळं स्टार मागताना पलटण त्या दिवसांत कुठं होती आणि तुम्ही तिच्यासोबत होता का, हे दोन्ही दाखवायला लागतं. सैन्य सेवा मेडल दोन वेगळ्या भागांसाठी दोनदा मिळत नाही, एकाच मेडलवर दुसरा क्लॅस्प, म्हणजे भागाचं नाव असलेली रिबिनीवरची पट्टी, लागतो. म्हणून अर्जात क्लॅस्पचं नाव लिहा, जम्मू-काश्मीर का हिमालय का अजून कुठला.

शौर्य पदकांचं काम मात्र पूर्ण वेगळं आहे. ती भारताच्या राजपत्रात छापून येतात, त्यामुळं राजपत्राची तारीख मिळाली की भांडायचं कारणच उरत नाही. आणि इथं पैशाचा प्रश्न येतो म्हणून नीट वाचा. 1 ऑगस्ट 2017 पासून परमवीर चक्राला महिना 20,000 रुपये, अशोक चक्राला 12,000, महावीर चक्राला 10,000, कीर्ती चक्राला 9,000, वीर चक्राला 7,000, शौर्य चक्राला 6,000 आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला 2,000 असा भत्ता झाला. सेना मेडल विशिष्ट सेवेसाठीही देतात, त्याला हा भत्ता नाही. म्हणून कागदावर नुसतं "सेना मेडल" असं लिहिलेलं असेल तर त्यापुढं शौर्यासाठी हा शब्द आहे का ते तपासा, तेवढ्यासाठी एखाद्या वीरपत्नीचा भत्ता अडकू शकतो. बाकी सर्व्हिस मेडलं लागल्यानं पेन्शन वाढत नाही. पेन्शन वाढवून देतो म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला दारातनंच परत पाठवा.

पुराव्याबद्दल. नोटरीकडं जाऊन शंभर-पाचशेच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र केलं की काम झालं असं वाटणारे खूप आहेत. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर काढत नाही. त्या काळातला कागद लागतो. जुनं पे बुक, मूव्हमेंट ऑर्डर, लीव्ह सर्टिफिकेट, हॉस्पिटलचं डिस्चार्ज स्लिप, पलटणीच्या पत्त्यावरची पत्रं, काहीही ज्यावर तारीख आणि युनिट आहे. सोबतच्या जवानाला मेडल मिळालंय आणि दोघं एकाच कंपनीत होते, तर त्याच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणि त्याचं जबाबपत्र याला चांगलं वजन येतं.

आणि एक गोष्ट जी कुणीच बघत नाही, मेडलची कड. सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, टेलरकडच्या डुप्लिकेटवर नसतं. कागल तालुक्यातल्या एका हवालदार काकांच्या ट्रंकेत असंच काळं पडलेलं मेडल होतं, घरच्यांना वाटायचं ते बाजारातलं आहे. भिंग लावून कड बघितली तर आर्मी नंबर स्पष्ट. म्हणजे फौजेनं मेडल दिलेलं होतं आणि डिस्चार्ज बुकात मात्र त्याचा पत्ता नव्हता. कडेचा मोबाईलवर जवळनं फोटो काढून तो अर्जाला जोडला, यापेक्षा भारी पुरावा काय असणार? तेव्हा घरातली मेडलं पॉलिश करायच्या आधी कड वाचा, घासून घासून अक्षरं जातात.

त्याच काकांचा आधीचा अर्ज चार पानी होता, भरतीपासनं सगळी कहाणी, कुठल्या साहेबानं काय केलं ते सगळं. वाचताना डोळ्यात पाणी येईल असा, पण टेबलावरच्या क्लार्कला त्यातनं काय करायचं ते सापडणार नाही. एका पानात बसवा. वर आर्मी नंबर, रँक, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर. मग एक वाक्य, कुठलं मेडल, कुठला क्लॅस्प, कुठल्या काळासाठी. मग त्या काळातलं युनिट आणि ठिकाण. मग विनंती, की शीट रोलवर नोंद करून डिस्चार्ज बुकात चढवून मिळावी. खाली जोडलेल्या कागदांची यादी. दोन मेडलं राहिली असतील तर दोन वेगळे अर्ज, म्हणजे एक अडकलं तरी दुसरं सुटतं. ओरिजिनल डिस्चार्ज बुक पोस्टानं पाठवू नका, साक्षांकित झेरॉक्सच पाठवा, आणि पाठवताना पोचपावती मिळेल असंच पाठवा.

नावाचं स्पेलिंग हा आपल्याकडचा कायमचा आजार. फौजेत भरती करताना क्लार्कनं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आधारवर वेगळं, बँकेत अजून वेगळं. मेडलच्या अर्जात फौजेतलं नाव जसंच्या तसं लिहा, चुकीचं असलं तरी. ते दुरुस्त करायचं असेल तर त्याची वेगळी प्रक्रिया आहे, दोन्ही एका अर्जात घातलं की दोन्ही अडकतात.

उशीर करू नका असं मी कळकळीनं सांगतोय त्याचं कारण आहे. पेन्शन न होता लवकर बाहेर पडलेल्यांची सर्व्हिस कागदपत्रं पंचवीस वर्षं झाली की नष्ट करतात, मागं राहते ती लाँग रोलमधली, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या कायमच्या रजिस्टरातली, थोडक्यात नोंद. अशा माणसानं "कागद नष्ट झाले" असं उत्तर आलं तर तिथंच थांबायचं नाही, लाँग रोलचा उतारा मागायचा. आणि पेन्शनर असला तरी साक्षीला उभे राहणारे सोबती किती दिवस राहणार? 1965 आणि 71 वाले आता सगळे पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढं. ते असताना त्यांच्याकडनं नावं, जागा, तारखा लिहून घ्या, त्यांची सही घ्या.

फौजी वारले असतील तर पत्नी किंवा मुलं अर्ज करू शकतात, पण आधी बघा की पत्नीचं नाव रेकॉर्डवर बरोबर आहे का. लग्नाची पार्ट टू ऑर्डर नसली किंवा माहेरचं नाव लागलेलं असलं तर आधी ते सोडवा, मेडल नंतर. त्यावर कुटुंब पेन्शन अवलंबून असते.

आता नकार आला तर. फोनवर "होत नाही" म्हणाले हा नकार नव्हे, लेखी उत्तर मागा, कारणासकट. ते हातात असलं की सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ, आणि अंतिम उत्तरापासनं सहा महिन्यांच्या आत जायचं असतं. उशीर झाला तर कारण दाखवून माफीची विनंती करता येते, पण त्या भरवशावर राहू नका. ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासनं लोक म्हणायला लागलेत की आता इथंच केस टाकू. फौजेच्या नोकरीचे विषय आधी न्यायाधिकरणातच जातात, त्यामुळं वकील लावायच्या आधी त्यानं तिथं काम केलंय का ते विचारा.

नोंद झाल्याचं पत्र आलं की लगेच हार-तुरे नकोत. पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख त्यात आहे का बघा, आर्मी नंबरातला एकेक आकडा जुळवा, क्लॅस्पचं नाव बघा. मग डिस्चार्ज बुक घेऊन स्वतः रेकॉर्ड ऑफिसला जाऊन त्यात नोंद, सही आणि शिक्का करून घ्या, जिल्हा सैनिक कार्यालयातल्या तुमच्या फाईललाही एक कॉपी लावा. त्यानंतर धातूच्या मेडलसाठी वेगळा अर्ज करायचा, आणि त्यात त्याच ऑर्डरचा नंबर लिहायचा.