जुन्या आणि बिघडलेल्या फ्लाय: डागडुजी करताना आणि टाकून देताना या चुका टाळा

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेलं मासेमारीचं आमिष. ती ठेवायची की काढून टाकायची, हे बहुतेक जण पिसं बघून ठरवतात. पिसं झडली की फ्लाय कचऱ्यात, पिसं टवटवीत दिसली की परत डबीत. निर्णय इथेच चुकतो. पिसं, दोरा, चमकी हे सगळं पाच-दहा मिनिटांत बदलता येतं, पण गेलेला गळ परत येत नाही. खाडीच्या खाऱ्या पाण्यात आधी गळच खराब होतो, म्हणून तपासणीही गळापासूनच सुरू करा.

गळ न तपासता पिसं नीट करत बसणं

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवा आणि जोर न लावता ओढा. टोक नखात रुतून थांबलं तर धार शाबूत आहे, घसरलं तर बोथट झालंय. बोथट टोकाला बारीक डायमंड फाइलने दोन्ही बाजूंनी आणि खालून दोन-तीन हलके हात पुरतात. त्याहून जास्त घासलं की टोक आखूड होतं, मुलामा निघतो आणि पुढच्या वेळी गंज नेमका तिथूनच धरतो.

वरवरचा तांबूस गंज बारीक पॉलिश पेपरने पुसून निघाला तर गळ चालेल. पुसल्यावर बाकाजवळ (गळाच्या वळणापाशी) किंवा उलट्या काट्याच्या मुळाशी काळे खड्डे दिसले, तर तो गळ मोडीत काढा. मोठ्या माशाने उघडलेला गळ पकडीने परत वाकवणं ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. गळ दिसायला पूर्वीसारखा होतो, पण बाकातला धातू थकलेला असतो आणि पुढच्या जिताड्याच्या पहिल्याच हिसक्याला तिथेच तुटतो.

खाडीवरून आल्यावर ओली फ्लाय डबीत ठेवणं

मीठ हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे हाताला कोरडी लागणारी खारी फ्लाय पावसाळ्यात बंद डबीतही ओलसर होते. फोममध्ये खुपसलेल्या एका गंजक्या गळाची ओल शेजारच्या चार गळांना लागते आणि पांढऱ्या बकटेलवर (हरणाच्या शेपटीच्या केसांवर) तपकिरी डाग पडतात. हे डाग धुऊन निघत नाहीत.

घरी आल्यावर फ्लाय साध्या कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, झटका, गळाच्या बाकाला धरून दोरीवर किंवा कॉर्कवर उलटी लावा आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या. थेट उन्हात नको. डबीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा. रंग बदलला की पुडीतले दाणे काढून मंद आचेवर तव्यात कोरडे करा. डांबराच्या गोळ्या डबीत ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकच्या डब्या आणि फोम मऊ पडून चिकट होतात. पिसांना कीड लागली असेल तर ती हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवा, एक दिवस बाहेर काढा आणि पुन्हा तितकेच दिवस आत ठेवा. पहिल्या थंडीतून वाचलेली अंडी मधल्या दिवसात उबतात आणि दुसऱ्या फेरीत मरतात.

सुटलेल्या दोऱ्यावर नुसता सुपरग्लूचा थेंब

फ्लायचं डोकं सुटण्याचं कारण बहुधा घासण्यात सापडतं. जिताड्याचे दात म्हणण्यासारखे नसतात, पण तोंड कानशीसारखं खरखरीत असतं. सहा-आठ वेळा चावून झालं की सगळ्यात बाहेरचे दोऱ्याचे वेढे झिजतात. त्यावर सुपरग्लू ओतलं तर ते ठिसूळ कवच होऊन तडकतं. वर माराबूच्या मऊ, फुलणाऱ्या पिसांत झिरपून त्यांची काडी करतं, आणि माराबूची सगळी किंमत तर तिच्या लुसलुशीत हालचालीत असते.

बरोबर पद्धत अशी: फ्लाय व्हाइसमध्ये (गळ धरणाऱ्या शिकंजात) पकडा, सुटलेलं टोक कापा, शाबूत वेढ्यांवर नवा दोरा पाच-सहा वेढे देऊन बसवा आणि डोकं पुन्हा बांधा. मग पाच वेढ्यांची व्हिप फिनिश (दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली दाबणारी शेवटची गाठ) दोनदा द्या, एकदाची भरवशाची नाही. त्यावर हेड सिमेंटचे (डोक्यावर लावायच्या वार्निशसारख्या द्रवाचे) दोन पातळ हात, मध्ये सुकायला वेळ देऊन. शेवटी गळाच्या डोळ्यात, म्हणजे दोरी ओवायच्या भोकात, सुई फिरवा. डोळ्यात सिमेंट राहिलं तर गाठ नीट बसत नाही आणि सिमेंटच्या कडेने लीडर (फ्लायला बांधलेली बारीक दोरी) कापला जातो. जुन्या फ्लायच्या डोळ्यात तुटलेल्या लीडरचा तुकडाही अडकलेला असू शकतो, तोही काढा.

क्लाउझर मिनोसारख्या फ्लायला डोळे म्हणून धातूचे जड मणी बांधतात. ते गळाभोवती फिरत असतील तर बांधतानाच दांडीवर (गळाच्या सरळ भागावर) दोऱ्याचा पाया कमी पडला होता. आठ-दहा आडवे-तिडवे वेढे द्या, मग डोळ्यांच्या खाली, दांडीच्या वर, गोल वेढे घेऊन आवळा. इथे मात्र सुपरग्लूचा एक थेंब योग्य आहे.

विस्कटलेली पिसं कात्रीने सपाट कापणं

आडवी कात्री चालवली की बकटेलचं टोक बोथट होतं आणि फ्लाय पाण्यात पोहत नाही, नुसती ओढली जाते. कात्री केसांच्या दिशेने उभी धरून थोडे-थोडे केस विरळ करा. माराबू तर कापूच नका, नखांनी चिमटून तोडा.

चेपलेल्या हॅकलसाठी (फ्लायवर गुंडाळलेल्या कोंबड्याच्या पिसांसाठी) किटलीची वाफ उत्तम. आधी सौम्य साबणाच्या पाण्याने तेल आणि चिखल धुवा, मग लांब चिमट्यात धरून दहा-पंधरा सेकंद वाफेवर फिरवा. दबलेले तंतू डोळ्यांदेखत उठून उभे राहतात. हे फक्त खऱ्या पिसांचं. चमकी, क्राफ्ट फर (कृत्रिम केस) आणि फोम वाफेने आक्रसतात.

पिसं बदलायची झाली तर चिकनच्या दुकानातली ब्रॉयलरची पिसं आखूड आणि मऊ असतात, ती कॉलरला (डोक्यामागच्या झालरीला) ठीक. हॅकलसाठी गावठी कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची घ्या, डिटर्जंटने धुऊन वाळवा आणि वर सांगितल्याप्रमाणे फ्रीझरमधून काढा. राखाडी रानकोंबड्याची पिसं कोणी देऊ केली तर घेऊ नका, तो वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

नव्या, फसलेल्या फ्लाय बघूनच नापास करणं

वाकडी दिसणारी फ्लाय पोहतेही वाकडी, असं नाही. बादलीभर पाणी घ्या, हातभर लीडर बांधा आणि फ्लाय ओढून बघा. स्वतःभोवती फिरत असेल तर एका बाजूचं हॅकल जास्त आहे, तेवढंच छाटा. फिरणारी फ्लाय तशीच वापरली तर लीडरला पीळ पडतो. शेपूट बाकाभोवती गुंडाळत असेल तर ती दांडीच्या लांबीइतकी करा, किंवा शेपटीखाली २० पौंडी मोनोचा (एकपदरी नायलॉन दोरीचा) छोटा फासा बांधा. नुसत्या बेढब, पण सरळ पोहणाऱ्या फ्लाय तिलापियासाठी बिनधास्त वापरा. मात्र कोणत्याही तलावावर परवानगी घेऊनच.

गॅसवर जाळून गळ मोकळा करणं

ज्योतीवर धरलं की पिसं क्षणात जातात, सोबत गळाची पोलादी ताकदही जाते. लाल तापलेला गळ नंतर बोटानेही वाकतो. त्याऐवजी दोरा ब्लेडने दांडीच्या कडेने, आपल्यापासून दूर, कापा. सुपरग्लू ॲसिटोनमध्ये सुटतं, पण त्यात मण्यांचा रंगही जातो. शेगडी लांब ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. मणी, डोळे आणि निर्दोष गळ पुन्हा कामाला येतात.

मोडीत निघालेले गळ आणि शिसं खाडीत किंवा कचऱ्यात

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २०२२ पासून तो रामसर स्थळ आहे. शिशाचा छोटा मणीही पाणपक्ष्याच्या पोटात गेला तर विषबाधा होते, आणि खारफुटीत अडकलेल्या लीडरमध्ये बगळ्यांचे पाय गुंततात. शिशाचे डोळे काढून पितळेचे लावा आणि अभयारण्याच्या हद्दीत मासेमारीसाठी गळ टाकूच नका.

टाकायच्या गळाचं टोक कटरने तोडा. तोडताना चष्मा घाला आणि टोकावर जाड फडकं धरा, कारण तुकडा उडतो. सुटे गळ सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले तर ते कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसतात. औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवा, झाकणाला टेप लावा, वर ‘धारदार लोखंड’ असं लिहा आणि बाटली भरली की भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून द्या. शिसं वेगळ्या बाटलीत ठेवा.