क्लाउड आणि एजच्या कामाला हात घालण्यापूर्वी

कारखान्यासाठी क्लाउड आणि एजचा (एज म्हणजे साइटवरच बसवलेला छोटा कॉम्प्युटर) प्रोजेक्ट हातात आला की पहिला मोह होतो तो आर्किटेक्चरची आकृती काढण्याचा. ती राहू द्या. आधी क्लायंटकडून एकाच प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या : लिंक, म्हणजे साइटला क्लाउडशी जोडणारं इंटरनेट, गेली तर साइटवर काय काय चालूच राहायला हवं आणि किती वेळ? ‘सगळंच’ असं उत्तर हमखास येतं, ते मान्य करू नका. एकेक काम घेऊन बसा. मशीन थांबवण्याचा इशारा, कॅमेऱ्यावरची तपासणी, लेबल छापणं, रोजचा अहवाल. अहवाल चार तास उशिरा आला तर कुणाचं काही अडत नाही, इशारा चार सेकंद उशिरा आला तर अडतं. ही यादी आयटी विभागात बसून करू नका, उत्पादन सांभाळणाऱ्या माणसाबरोबर करा. लाइन थांबली की फोन त्याचा वाजतो. एजवर काय ठेवायचं आणि क्लाउडवर काय न्यायचं, हे बहुतेक याच यादीवरून ठरतं.

मग आकडे. एज विकलं जातं लेटन्सीच्या, म्हणजे डेटा जाऊन येण्यातल्या उशिराच्या, नावावर, तेव्हा तो हिशोब स्वतः करून पाहा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 1000 किलोमीटर लांबच्या डेटा सेंटरला जाऊन यायला निव्वळ अंतरापोटी 10 मिलिसेकंद. राउटर आणि मोबाइल नेटवर्क यांचा वेळ वेगळा. बऱ्याच कामांना एवढा उशीर सहज चालतो. माझ्या मते एजची खरी गरज डेटाच्या आकारमानात आणि लिंकच्या बेभरवशीपणात असते. 4 एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला 43 जीबी तयार करतो. असे 20 लावले की 80 एमबीपीएसचं अपलोड अखंड हवं, आणि इंटरनेटच्या प्लॅनवर ठळक छापलेला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. करारात 99.9 टक्के उपलब्धता लिहिली असेल तर 30 दिवसांत 43 मिनिटं बंद चालेल, असा त्याचा अर्थ. तोही क्लाउडच्या सेवेपुरता, साइटच्या लिंकची जबाबदारी त्यात कुणीच घेतलेली नसते.

साइटवर जाताना लॅपटॉपबरोबर नेटवर्क केबल, मशीनशी जोडायचा आरएस-485 चा यूएसबी अडॅप्टर, मोजपट्टी आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घ्या. एज बॉक्स जिथे बसणार ते पॅनेल उघडून बघा. आत किती तापतं, धूळ किती, 24 व्होल्टचा पुरवठा मोकळा आहे का, अँटेना बाहेर काढता येईल का, हे फोटोवरून कळत नाही. जुना पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) असेल तर गाठ बहुधा मॉडबसशी पडते. मशीनशी बोलण्याचा हा प्रोटोकॉल 1979 चा. मूळ मॉडबसमध्ये समोरच्याची ओळख पटवण्याची सोयच नाही, म्हणून त्याचं 502 नंबरचं पोर्ट गेटवेच्या, म्हणजे साइटच्या नेटवर्कच्या दाराच्या, बाहेर दिसता कामा नये. रजिस्टरचा तक्ता, म्हणजे पीएलसीत कुठल्या जागी कुठली किंमत आहे त्याची यादी, मागून घ्या आणि मिळाल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मोजणी शून्यापासून आहे की एकपासून, यात शेजारचीच किंमत वाचली जाते. 32 बिटांच्या आकड्याचे दोन अर्धे उलटे जोडले गेले तर 25 अंश तापमानाच्या जागी काहीच्या बाहीच दिसतं. ऑपरेटरच्या पडद्यावरचा आकडा आणि तुमच्याकडे आलेला आकडा शेजारी ठेवून जुळवा, आणि जुळेपर्यंत तिथून हलू नका.

सगळ्यात दुर्लक्षित बाब घड्याळाची. कित्येक छोट्या बॉक्समध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट जाऊन आली की बॉक्स जागा होतो तो थेट 1970 मध्ये (त्याची वेळेची मोजणी तिथून सुरू होते), नाहीतर बंद पडला त्या दिवशी. 1970 मध्ये क्लाउडची ओळख पटवणारं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नसतं, त्यामुळे टीएलएस (सुरक्षित जोडणी) जुळत नाही आणि बॉक्स जोडला जात नाही. लॉगमध्ये तक्रार सर्टिफिकेटची दिसते, आणि माणसं फायरवॉल चाळत बसतात. तेव्हा आरटीसी, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, असलेलं हार्डवेअरच मागवा, एनटीपीसाठी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्यासाठी) यूडीपी 123 पोर्ट उघडं आहे का ते पाहा, आणि घड्याळ चुकलेलं असताना साठलेल्या नोंदींचं काय करायचं तेही आत्ताच ठरवा.

लिंक नसतानाचा डेटा साठवायला जागा किती लागेल, हे गणित सोपं आहे. 500 सेन्सर, सेकंदाला एक नोंद, नोंद 100 बाइटची, तर दिवसाला 4.3 जीबी. घोडं पेंड खातं ते लिंक परत आल्यावर. तीन दिवसांचा साठा एकदम सुटला की आत्ताचा इशारा रांगेत मागे अडकतो. ताज्या डेटाची वाट वेगळी ठेवा. एमक्यूटीटी (छोटे संदेश पाठवण्याचा प्रोटोकॉल) क्यूओएस 1 वर, म्हणजे ‘किमान एकदा पोचवा’ या पातळीवर, चालवणार असाल तर एकच संदेश दोनदा पोचू शकतो, तेव्हा क्लाउडकडच्या कोडने तो दोनदा मोजू नये. सतत लिहायचं असेल तर साध्या एसडी कार्डावर भिस्त ठेवू नका. अपडेटसाठी दोन पार्टिशन (साठवणीचे वेगळे भाग) हवीत, म्हणजे नवं बिघडलं तर बॉक्स आपोआप जुन्यावर परत येईल.

व्हेंडरच्या, म्हणजे क्लाउड कंपन्यांच्या, परीक्षा वाईट नाहीत, एखादी द्या. लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं असेल तर बाकीचं कामात शिकता येतं.

बिलाचा अंदाज काढताना सर्व्हरच्या भाड्यावर थांबू नका. मोठ्या क्लाउडवर डेटा आत न्यायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. लॉग साठवणंही गुपचूप महाग पडतं. बजेटचा अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. एकाच सेवेला जखडून घेण्याचा धोकाही किमतीतच धरा. गूगलने उपकरणं क्लाउडला जोडणारी आपली आयओटी कोअर सेवा ऑगस्ट 2023 मध्ये बंद केली, आणि तिच्यावर विसंबलेल्यांना दुसरीकडे जावंच लागलं. बॉक्समध्ये पत्ता टाकाल तो क्लायंटच्या मालकीच्या डोमेनचा टाका, म्हणजे पलीकडचा व्हेंडर बदलला तरी प्रत्येक साइटवर माणूस पाठवायला नको.

क्लाउडचं खातं क्लायंटच्या नावावर हवं, तुमच्या ईमेलवर नको. सर्टिफिकेटं कधी संपतात त्या तारखा त्यांच्या कॅलेंडरमध्ये जाऊ द्या. एक जादा बॉक्स तयार करून साइटवर ठेवा, आणि काम सोपवण्यापूर्वी रात्रपाळीच्या माणसाकडून जुना काढून नवा बसवून घ्या. तुम्ही शेजारी उभे राहा, हात लावू नका. तो जिथे अडेल ती पायरी सूचनापत्रकात पुन्हा लिहा.