अंबर ओळखताना होणाऱ्या चुका: या टाळा

अंबर, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची घट्ट झालेली राळ, खरे की खोटे, हा एकच प्रश्न आहे असे समजून बहुतेक जण त्याचे उत्तर एखाद्याच चाचणीकडून मागतात आणि तेथेच फसतात. वास्तविक यात चार वेगळे प्रश्न आहेत. हातातली वस्तू झाडाची राळ आहे की प्लॅस्टिक किंवा काच? राळ असेल, तर ती कोट्यवधी वर्षांपूर्वीची आहे की अलीकडची? जुनी असेल, तर तो निसर्गात घडलेला एकसंध तुकडा आहे की चुरा दाबून केलेला? आणि शेवटी, ती कोठली आहे? घरगुती चाचण्यांपैकी कोणतीही चाचणी या चारही प्रश्नांची उत्तरे देत नाही. म्हणून प्रत्येक चाचणी नेमके काय सांगते आणि कशाबद्दल गप्प राहते, हे आधी माहीत असावे लागते.

उगमाबद्दलचे गैरसमज

अंबर म्हणजे घट्ट झालेला डिंक, असे सर्रास लिहिले जाते. डिंक हा शर्करांपासून बनलेला, पाण्यात विरघळणारा किंवा फुगणारा पदार्थ आहे आणि त्याचे अंबर कधीच होत नाही. झाडाच्या अंगातून अन्नपाणी वाहून नेणाऱ्या रसाचेही होत नाही. खोडाला जखम झाली, कीड लागली किंवा बुरशी शिरू लागली, की काही झाडे जी चिकट, सुगंधी आणि पाण्यात न विरघळणारी राळ बाहेर सोडतात, तीच पुढे अंबर होऊ शकते. तिच्यातले उडून जाणारे घटक हळूहळू निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या आणि जाळी तयार होतात, आणि ही राळ जर प्राणवायू कमी असलेल्या गाळाखाली गाडली गेली, तरच ती टिकते. उघड्यावर पडलेली राळ ऊन, हवा आणि जीवाणूंमुळे नष्ट होते. अंबर हे खनिज नाही, त्यात स्फटिकरचना नाही. त्यामुळे स्फटिकांना लावायचे निकष येथे चालत नाहीत.

दुसरा गैरसमज असा की, सगळे अंबर पाइन वृक्षाचे असते. उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राच्या परिसरातले, म्हणजे बाल्टिक अंबर सूचिपर्णी झाडांचे आहे हे नक्की, पण ती झाडे कोणत्या कुळातली होती याबद्दल अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. डोमिनिकन प्रजासत्ताक आणि मेक्सिकोतील चियापास येथील अंबर हायमेनिया या शेंगावर्गीय वृक्षाच्या नामशेष जातींचे आहे. गुजरातमधील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींत सापडणारे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अंबर तर साल वृक्ष ज्या कुळात मोडतो त्या कुळातल्या झाडांचे आहे. उगम वेगळा असल्यामुळे रसायनही वेगळे असते. त्यामुळे बाल्टिक अंबरासाठी ठरवलेला निकष सर्वांना लावणे ही मोठी चूक ठरते. सक्सिनिक आम्ल हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. बाल्टिक अंबरात ते साधारण ३ ते ८ टक्के असते, पण इतर बऱ्याच अंबरांत ते जवळजवळ नसते आणि तरीही ती पूर्णपणे अस्सल असतात.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. बाल्टिक अंबर साधारण ३.४ ते ४.८ कोटी वर्षांपूर्वीचे, डोमिनिकन दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचे, म्यानमारच्या काचिन भागातले सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे, तर लेबनॉनमधले १२.५ कोटी वर्षांहून जुने आहे. याउलट कोपाल ही अर्धवट पक्व झालेली राळ असते. कोलंबिया, मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि न्यूझीलंडच्या कौरी वृक्षांच्या प्रदेशातून ती येते आणि तिचे वय बहुधा काही शे ते काही हजार वर्षे असते. तीही राळच असल्यामुळे रंग, वजन, वास आणि आत अडकलेले किडे या सगळ्यांत ती अंबरासारखीच भासते. कोपालचा तुकडा सुंदर असतो, अभ्यासाला उपयोगीही असतो. चूक फक्त त्याला अंबर म्हणण्यात आहे.

समुद्रकिनाऱ्यावरची धोकादायक चूक

अंबर समुद्रावर तरंगत येते असे म्हणतात. प्रत्यक्षात, गोड्या पाण्याची घनता १ धरली, तर अंबराची १.०५ ते १.१० असते आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०३, बाल्टिक समुद्राचे पाणी तर त्याहूनही कमी खारे आहे. म्हणजे स्थिर पाण्यात अंबर सावकाश बुडते आणि वादळी लाटांनी तळ ढवळला गेला, की उचलले जाऊन शेवाळ आणि लाकडाच्या तुकड्यांसोबत किनाऱ्याला लागते. शोध घ्यायचा तो वादळानंतर, अशाच काडीकचऱ्याच्या पट्ट्यात. मात्र जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर, विशेषतः उसेडोम बेटावर, दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळ्यातून सुटलेल्या पांढऱ्या फॉस्फरसचे पिवळसर खडेही सापडतात आणि ते अंबरासारखेच दिसतात. ओला असेपर्यंत हा खडा शांत राहतो. खिशात सुकला की अंगाच्या उबेने पेट घेतो आणि अत्यंत खोल भाजतो. म्हणून त्या किनाऱ्यावर सापडलेला कोणताही खडा खिशात टाकू नये. तो धातूच्या डब्यात, कपड्यांपासून आणि शरीरापासून दूर ठेवावा व पूर्ण सुकेपर्यंत त्यावर नजर ठेवावी.

मिठाच्या पाण्याची चाचणी कोठे चुकते

ही चाचणी चांगली आहे, पण ती जवळपास नेहमीच चुकीच्या पद्धतीने केली जाते. पाण्यात विरघळेल तितके मीठ घालावे, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तसे केल्यास पाण्याची घनता जवळजवळ १.२० पर्यंत जाते आणि १.१८ घनतेचे ॲक्रिलिकही त्यावर आरामात तरंगते. त्याऐवजी एक लिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे. अशा द्रावणाची घनता १.१२ च्या आसपास राहते, त्यामुळे अंबर वर येते, तर ॲक्रिलिक, पॉलिएस्टर, बेकेलाइट आणि काच तळाशी जातात.

तरीही निकाल उलटा आला, तर कारणे शोधावीत. मण्याच्या छिद्रात हवा अडकली असेल, तर बुडणारी वस्तूही तरंगते. म्हणून मणी पाण्याखाली धरून हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत हलवावा. धातूची कडी किंवा कोंदण असेल, तर खरे अंबरही बुडते आणि अशा वस्तूसाठी ही चाचणी निरुपयोगी आहे. चाचणीनंतर तुकडा गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॉलिस्टायरीनची घनता १.०५ च्या आसपास असल्यामुळे ते तरंगते आणि कोपालही तरंगते. तुकडा बुडाला, तर तो बहुधा अंबर नाही. तरंगला म्हणून मात्र तो अंबर ठरत नाही.

कापडावर घासून कागदाचे कपटे उचलण्याच्या चाचणीला तर मी काहीच महत्त्व देत नाही, कारण अनेक प्लॅस्टिके ते तितक्याच सहजतेने करतात.

तापलेली सुई आणि ॲसिटोनचा थेंब

सुईच्या चाचणीत वस्तूवर कायमचा डाग पडतो आणि बदल्यात मिळणारी माहिती तोकडी असते. प्लॅस्टिकचा उग्र रासायनिक वास ओळखता येतो हे खरे, परंतु कोपाल, दाबीव अंबर आणि नैसर्गिक अंबर या तिन्हींचा वास राळेचाच येतो. कोपाल लवकर वितळून चिकटतो, पण तो फरक कळायला सरावलेला हात लागतो.

त्यापेक्षा ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात तो द्रावक) बरे, मात्र जागा विचारपूर्वक निवडावी. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी एक छोटा थेंब टाकावा, तो उडून गेल्यावर बोटाने चाचपून पाहावे. पृष्ठभाग चिकट झाला, तर कोपालचा संशय घ्यावा. येथे दोन अडचणी येतात. दागिन्यांवर पुष्कळदा लाखेचा किंवा वार्निशचा पातळ थर असतो आणि चिकटपणा त्याचाच असू शकतो. दुसरी अडचण गुजरातच्या अंबराची आहे. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असूनही त्यातले रेणू एकमेकांना इतके कमी जोडले गेले आहेत की योग्य द्रावकात ते विरघळते आणि संशोधकांनी त्यातले कीटक अखंड बाहेर काढले आहेत. विरघळणे म्हणजे राळेचा तरुणपणा, हे समीकरण तेथे सरळ कोलमडते.

किडा दिसला म्हणून विश्वास ठेवणे

मोठा, पाय पसरलेला आणि तुकड्याच्या बरोबर मध्यभागी बसलेला कीटक पाहिला, की आधी शंका घ्यावी. अंबरात अडकलेले बहुतेक जीव काही मिलिमीटर लांबीचे असतात, कारण मोठे कीटक स्वतःला सोडवून घेऊ शकत असत. बाल्टिक अंबरातल्या कीटकाच्या एका बाजूला अनेकदा दुधाळ पांढरा थर दिसतो, तो कुजताना निघालेल्या द्रव्यांमुळे आणि सूक्ष्म बुडबुड्यांमुळे तयार होतो. ओकच्या झाडाचे चांदणीच्या आकाराचे बारीक केसही त्यात आढळतात. दहापट भिंगातून या खुणा शोधण्याचा सराव ठेवणे फार मोलाचे आहे.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधील एका माशीची हकिगत येथे सांगितलीच पाहिजे. फॅनिया स्कॅलॅरिस या आजही आढळणाऱ्या जातीची ही माशी बाल्टिक अंबरातली म्हणून एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जात होती, आणि १९६६ मध्ये विली हेनिग यांच्यासारख्या थोर कीटकशास्त्रज्ञानेही तिच्यावर लिहिले. १९९३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या उष्णतेने तुकड्यात भेग दिसू लागली आणि उलगडा झाला: अस्सल अंबर मधोमध कापून, एका अर्ध्यात खोबण कोरून, त्यात माशी बसवून दोन्ही भाग चिकटवले होते. अंबर खरे असल्यामुळे अंबराच्या सर्व चाचण्या ते उत्तीर्ण झाले असते. म्हणून किडा असलेला तुकडा तपासताना कडेने, तिरप्या प्रकाशात जोडाची सरळ रेषा आणि त्या रेषेवर एकाच पातळीत पसरलेले बुडबुडे शोधावेत.

दाबलेले आणि तापवलेले अंबर

अंबराचा चुरा तापवून, दाब देऊन एकजीव करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे. द्रव्य अंबरच असल्यामुळे वास, घनता आणि द्रावक यांपैकी काहीही येथे मदत करत नाही. भिंगाखाली कणांच्या सीमा, त्यांच्या कडांनी गेलेल्या लालसर बारीक रेषा आणि एकाच दिशेने ताणलेले बुडबुडे दिसतात. अंधारात अतिनील टॉर्च टाकल्यास नैसर्गिक तुकडा बहुधा निळसर किंवा हिरवट एकसारखा उजळतो, तर दाबलेल्यात ठिगळे दिसतात. मात्र जुना, हवेने लालसर झालेला पृष्ठभाग फारसा उजळत नाही, त्यामुळे अंधुक प्रकाश पाहून लगेच नकली ठरवू नये.

आतल्या चमकदार चकत्यांना कोणी माशाचे खवले समजतात, कोणी अस्सलपणाची खूण मानतात. अंबर तापवल्यावर आतले बुडबुडे फुगून पडलेल्या त्या भेगा असतात; त्या बहुधा उष्णतेची प्रक्रिया झाल्याचे सांगतात. गडद, एकसारख्या हिरव्या रंगाचा तुकडा असेल, तर अधिक सावध राहावे, कारण दाब आणि उष्णता देऊन हिरवा केलेला कोपाल बाजारात अंबर म्हणून येतो.

प्रयोगशाळेकडे जाताना

किंमत मोठी असेल, तर अवरक्त वर्णपटाची तपासणी करून घ्यावी; द्रव्य अवरक्त प्रकाशाच्या कोणत्या लहरी किती शोषते, याचा आलेख तीत मिळतो. बाल्टिक अंबराच्या आलेखात १२५० ते ११७५ प्रति सेंटिमीटर या पट्ट्यात सपाट खांदा, म्हणजे शिखराशेजारचा आडवा भाग, दिसतो. कोपालमध्ये १६४३ आणि ८८८ च्या आसपास ठळक शिखरे असतात. नमुना झिजलेल्या पृष्ठभागावरून घेतल्यास खांदा सपाट न राहता कलतो आणि निष्कर्ष बिघडतो, म्हणून तो मण्याच्या छिद्राच्या आतून किंवा ताज्या भागातून घेण्यास सांगावे. हा खांदा दाबीव बाल्टिक अंबरातही दिसतो आणि उष्णता-दाब दिलेल्या कोपालमध्ये ती शिखरे फिकट होऊ शकतात. त्यामुळे अहवालात द्रव्याचे नाव आणि त्यावर झालेली प्रक्रिया या दोन स्वतंत्र नोंदी आहेत का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.