बांधलेल्या बोटीकडे बघून कुत्रा आणू नका: नॅरोबोटीवर प्राणी पाळताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात कुठल्याही कालव्याच्या काठाने चालत गेलात, तर बोटीच्या छपरावर ऊन खात पडलेलं एखादं कुत्रं हटकून दिसतं. ते बघून बोटीवर राहायला निघालेला माणूस मनातल्या मनात कुत्र्याचं नावसुद्धा ठरवून टाकतो. आम्हीही ठरवलं होतं. मोती. ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोट, म्हणजे राहता येईल अशी लांब, अरुंद बोट घेतली आणि पहिल्याच महिन्यात शर्यतीतून निवृत्त झालेला एक ग्रेहाउंड आणला. महिना चुकला होता आणि कुत्र्याची निवडही चुकली होती. बिचाऱ्या मोतीचा त्यात काही दोष नव्हता.

मूळ चूक अशी की बोट बघायला गेलो तेव्हा ती मरिनात, म्हणजे बोटी लावून ठेवायच्या धक्क्यावर, काठाला बांधलेली होती. बाजूला गवत, नळ, वीज, हसरे शेजारी. कुत्रा पाळायचा निर्णय आम्ही त्या बोटीसाठी घेतला, आणि राहायला लागलो ते चालत्या बोटीवर. स्वतःची कायमची जागा नसेल, तर कालव्यांचा कारभार बघणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी साधारण 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे कुत्र्याचं अंगण दर पंधरवड्याला बदलणार.

रुंदी मोजली, पायऱ्या मोजल्या नाहीत

नॅरोबोट 6 फूट 10 इंच रुंद असते, कारण जुने अरुंद लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे पाण्याचे हौद, सात फुटांचे आहेत. आतला बोळ तर एका माणसापुरताच. मोठं कुत्रं त्यात आडवं झोपलं की चहा करायला त्याला ओलांडून जावं लागतं. याची सवय होते. पायऱ्यांची होत नाही. मागच्या डेकवरून आत उतरणाऱ्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या असतात, आणि ग्रेहाउंडचं आयुष्य सपाट जमिनीवर गेलेलं. मोती वरच्या पायरीवर उभा राहून थरथरायचा. तीस किलोचं जनावर दिवसातून चार वेळा उचलून वर, चार वेळा खाली. पावसात बूट घसरतात, रात्री दोनला तर विचारूच नका.

त्यावर एक सोपी चाचणी आहे. बोटीवर शेगडीसाठी कोळसा लागतोच. 25 किलोचं पोतं घ्या आणि तुमच्या पायऱ्यांवरून आठवडाभर रोज चार वेळा वर-खाली करा. जमलं तर त्या वजनापर्यंतचं कुत्रं चालेल. आज उड्या मारणारं कुत्रं बारा वर्षांचं होईल तेव्हा त्यालाही उचलावंच लागेल, हे धरून चाला. छोटे टेरिअर बोटींवर इतके दिसतात त्याला कारण आहे.

लॉकमध्ये कुत्रा बाहेर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला खोल हौद. पाणी भरलं की बोट वर येते, सोडलं की खाली जाते. नवीन माणसाचं सगळं लक्ष दरवाज्यांवर, पाणी सोडायच्या चावीवर आणि मागच्या बाजूला पाण्याखाली असलेल्या दगडी उंबऱ्यावर बोट अडकू नये याच्यावर असतं. कुत्र्यावर नसतं. मग "कुठे जाऊ नये" म्हणून कोणीतरी त्याला काठावरच्या खुंटाला नाहीतर बोटीच्या कडीला बांधतं.

आता विचार करा. कुत्रा काठावरच्या खुंटाला बांधलेला पण उभा बोटीवर आहे, आणि पाणी सोडलं तशी बोट दोन मीटर खाली चालली आहे. किंवा कुत्रा काठावर आहे आणि दोरी बोटीच्या कडीला. गळपट्टा असेल तर फास बसायला वेळ लागत नाही. लॉकमध्ये कुत्र्याला दोनच जागा: दार लावून बोटीच्या आत, नाहीतर दुसऱ्या माणसाच्या हातात, दरवाज्यांपासून लांब. एकटे असाल तर फक्त आत. तो भुंकेल, भुंकू द्या. बोगद्यातही आतच. ब्लिसवर्थचा बोगदा जवळजवळ तीन किलोमीटर लांब आहे. त्या काळोखात इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि घाबरलेला कुत्रा उडी मारतो.

बोट चालू असताना कुत्रा पाण्यात पडलाच, तर पहिलं काम हाक मारणं नाही, गिअर न्यूट्रलला टाकणं. बोट ढकलणारा पंखा पाण्याखाली मागेच फिरत असतो, आणि थांबायच्या घाईत आपण रिव्हर्स टाकतो तेव्हा तो पाणी स्वतःकडे ओढतो. मग इंजिन बंद. कुत्र्याला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला, आणि त्या मुठीने त्याला उचलता येतंय का हे आधी कोरड्या जागी करून बघा.

वर काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा आणि अंग चाटू देऊ नका. कालव्याच्या पाण्यात उंदीर मुततात, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांना पावसाळ्यातला लेप्टो माहीत आहेच, हा तोच. कुत्र्यांसाठी त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला, तर तिथे कुत्र्याला पाण्याजवळही नेऊ नका. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषावर उतारा नाही. पोटात गेल्याची शंका आली तरी लगेच प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा.

मांजर म्हणजे कमी कटकट, हा गैरसमज

मांजराला फिरवावं लागत नाही, हे खरं. पण मांजर घराला चिकटतं, आणि तुमचं घर इंजिन लावून चालू पडतं. एकदा आमच्या मागच्या बोटीवरची मांजरी सकाळी परतली नाही आणि तिच्या माणसांनी ती आतच कुठेतरी झोपली असेल असं समजून बोट सोडली. संध्याकाळी लक्षात आलं. मग सायकलवर काठाकाठाने तीन मैल मागे. बाईसाहेब जुन्या जागी गवतात वाट बघत बसल्या होत्या, आणि चेहरा असा की उशीर यांनीच केला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवण घालून मांजर आत घ्या आणि दार लावा. निघायच्या क्षणी ते डोळ्यांनी बघा, अंदाज नको. चौदाव्या दिवसावर निघायचं ठेवू नका, बाराव्यावर ठेवा. म्हणजे मांजर गायब झालं तर दोन दिवस हातात राहतात. तरीही नाही सापडलं तर ट्रस्टला कळवून थांबा. योग्य कारण असेल तर जास्त थांबायची मुभा कायद्यातच आहे.

मांजरं पाण्यात पडतात. पोहतातही. अडचण बाहेर येण्याची असते: बऱ्याच ठिकाणी काठ म्हणजे उभा पोलादी पत्रा, त्यात नखं रुतत नाहीत. बोटीच्या बाजूने जुन्या गालिच्याचा एक पट्टा पाण्यात बुडेल असा सोडून ठेवा. हजार रुपयांचं यंत्र करणार नाही ते हा चिंधीचा तुकडा करतो.

कोणीतरी अ‍ॅमस्टरडॅमच्या सिंगेल कालव्यावरच्या पूझेनबोटचा दाखला देईल. निराधार मांजरांचा तो तरंगता आश्रम 1960च्या दशकापासून आहे आणि सुंदर आहे. पण ती बोट जागची हलत नाही.

पोपट, लव्हबर्ड वगैरे नकोच. डिझेल, कोळशाची शेगडी आणि बंद खिडक्या पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म 2019 पासून राहत्या बोटींवर सक्तीचा झाला आहे, पण तो माणसांच्या हिशेबाने वाजतो.

जुलैची दुपार

पोलादी बोट उन्हात तव्यासारखी तापते. "दोन तासांत येतो" म्हणून कुत्र्याला आत ठेवून गावात जाणं म्हणजे त्याला बंद गाडीत ठेवणंच. झाडाखाली बांधायची जागा मिळेलच असं नाही. ऑफिसला जाणाऱ्या माणसाने कुत्र्याचा विचार करताना हाच प्रश्न आधी सोडवावा.

पत्ता आणि पुण्याची फेरी

कुत्र्यांना मायक्रोचिप इंग्लंडमध्ये 2016 पासून सक्तीची आहे, मांजरांना जून 2024 पासून. चिपच्या नोंदीत पत्ता लागतो, आणि आपला पत्ता तरंगता. जमिनीवरच्या विश्वासू माणसाचा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर द्या. नंबर बदलला की नोंद बदला. ही चूक हरवल्यावरच कळते.

आपल्या लोकांचा आणखी एक प्रश्न असतो: दिवाळीला तीन-चार आठवडे पुण्या-कोल्हापूरला गेलो तर कोण बघणार? शेजारची बोट तोवर दुसऱ्या गावी गेलेली असते. प्राण्याला बरोबर न्यायचं म्हणाल, तर भारतातून ब्रिटनमध्ये परत आणताना रेबीजची लस, मग रक्ततपासणी, आणि ती जायच्या आधी करून ठेवली नसेल तर नमुन्यानंतर तीन महिन्यांची वाट. तिकीट काढण्याआधी कोणाला सांभाळायला द्यायचं हे ठरलेलं हवं.

मग करायचं काय

पहिला हिवाळा प्राण्याशिवाय काढा. नोव्हेंबर ते मार्च काठावर घोट्याएवढा चिखल असतो, दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात, टाकीतलं पाणी जपून वापरावं लागतं आणि ओलं कुत्रं दोन मीटर रुंदीच्या खोलीत वाळवायचं असतं. त्यानंतरही इच्छा टिकली, तर ओळखीच्यांचं कुत्रं पंधरा दिवस मागून घ्या, आणि तेही फेब्रुवारीत.

मोती आता मिल्टन कीन्सला एका मित्राकडे असतो, बैठ्या घरात, एकही पायरी नाही. यंदा फेब्रुवारीत आम्ही जॅक रसेल जातीचा एक छोटा टेरिअर उसना आणला होता. बारा दिवसांत त्याने दोन हंसांशी भांडण काढलं, माझा एक मोजा खाल्ला आणि पायऱ्या स्वतःच्या स्वतः चढला. त्याच्या मालकांना परत हवा होता, म्हणून दिला.