पंपाचा नियम सीएनएफमध्ये कसा मांडायचा

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप मे महिन्यात जळला. खालच्या टाकीत टिपूस नव्हता, टँकर सकाळी यायचा होता आणि पंप रात्रभर कोरडाच फिरत राहिला. कमिटीच्या बैठकीत वायरमनने शांतपणे सांगितलं, "तुम्ही म्हणालात तसंच केलंय साहेब. वरची टाकी उतरली की चालू, भरली की बंद." सेक्रेटरी चिडले, "अहो, पण खाली पाणी असेल तरच! हे काय सांगायला हवं?"

सांगायला हवं होतं. नियम बोलून दाखवला की प्रत्येकाला तो पूर्णच वाटतो. त्यात काय राहून गेलंय हे बघायचं असेल तर तो सुटा करून, एकेक अट वेगळी काढून मांडावा लागतो. तर्कशास्त्रात यासाठी ठरलेले साचे आहेत, त्यांना नॉर्मल फॉर्म म्हणतात. बारावीच्या गणितातलं 'गणितीय तर्कशास्त्र' आठवत असेल तर अर्धं काम झालंच आहे. नसेल आठवत तरी हरकत नाही, कागद-पेन घेऊन बसा.

चिन्हं नेहमीचीच: ∧ म्हणजे आणि, ∨ म्हणजे किंवा (दोन्ही खरी असली तरी चालतं), ~ म्हणजे नाही, → म्हणजे जर-तर, ↔ म्हणजे तेव्हा आणि तेव्हाच. आपली साधी विधानं तीन:

प: पंप चालू आहे.
ख: खालच्या टाकीत पाणी आहे.
व: वरची टाकी भरलेली आहे.

साधं विधान किंवा त्याचा नकार, म्हणजे प किंवा ~प, याला लिटरल म्हणतात. काही लिटरल 'किंवा'ने जोडले की एक कलम होतं. अशी कलमं 'आणि'ने जोडली की तो झाला सीएनएफ (कंजंक्टिव्ह नॉर्मल फॉर्म). याच्या उलट, लिटरल आधी 'आणि'ने जोडून ते गट 'किंवा'ने जोडले तर डीएनएफ (डिसजंक्टिव्ह नॉर्मल फॉर्म). 'कलम' हा शब्द मला इथे फार चपखल वाटतो. सोसायटीच्या नियमावलीत जशी कलमं असतात आणि सगळीच पाळावी लागतात, तसंच हे.

आधी वाक्य नीट उतरवून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, पुढच्या बीजगणितात नाही. मराठीतला एक 'च' अख्खा बाण उलटवतो.

"खाली पाणी असेल आणि वरची टाकी भरलेली नसेल तर पंप चालू" हे झालं (ख ∧ ~व) → प.

"खाली पाणी असेल आणि वरची टाकी भरलेली नसेल तरच पंप चालू" हे झालं प → (ख ∧ ~व).

पहिल्या वाक्यात पंप केव्हा चालायलाच हवा ते आहे, पण भलत्या वेळी चालू नये असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. दुसऱ्यात नेमकं उलट. जन्मभर बंद ठेवलेला पंपही दुसरा नियम पाळतोच. आपल्याला दोन्ही हवेत:

प ↔ (ख ∧ ~व)

पायरी १: बाण काढून टाका

आधी ↔ चे दोन → करा:

(प → (ख ∧ ~व)) ∧ ((ख ∧ ~व) → प)

मग प्रत्येक → काढा. 'अ → ब' च्या जागी '~अ ∨ ब' लिहायचं. "उशीर झाला तर दंड बसेल" याचा अर्थ "उशीर करू नका, किंवा दंड भरा" असा घेतला की हे डोक्यात बसतं.

(~प ∨ (ख ∧ ~व)) ∧ (~(ख ∧ ~व) ∨ प)

पायरी २: नकार आत ढकला

कंसाबाहेर उभा असलेला ~ थेट विधानापर्यंत पोचवायचा. त्यासाठी द मॉर्गनचे नियम:

~(अ ∧ ब) म्हणजे ~अ ∨ ~ब
~(अ ∨ ब) म्हणजे ~अ ∧ ~ब

कंसात शिरताना ~ वाटेतल्या चिन्हाला उलटं करतो. शिवाय ~~अ म्हणजे अ. हे ऑगस्टस द मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, पण मला ते आवडतं म्हणून सांगितलं.

नियम घोकायची गरज नाही, कारण बोलताना आपण ते रोज वापरतो. पाहुणा म्हणाला, "चहा किंवा कॉफी काही नको", तर त्याला चहाही नको आणि कॉफीही नको. डॉक्टर म्हणाले, "या दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत", तर निदान एक तरी वगळायची. पहिल्यात 'किंवा'चा 'आणि' झाला, दुसऱ्यात 'आणि'चा 'किंवा'.

आपल्या सूत्रात ~(ख ∧ ~व) चं ~ख ∨ व होतं. इथे ~व चा नकार व होतो हे विसरून पुष्कळ जण ~ख ∨ ~व लिहून मोकळे होतात. तसं लिहिलंत तर वरची टाकी रिकामी असताना पंप बंद राहिला तरी नियम पाळला गेला असं निघेल, आणि लोक बादल्या घेऊन खाली उतरतील.

(~प ∨ (ख ∧ ~व)) ∧ (~ख ∨ व ∨ प)

पायरी ३: 'किंवा' वाटून द्या

दुसरं कलम तयार आहे. पहिल्यात अजून 'किंवा'च्या पोटात 'आणि' अडकलाय. गुणाकार जसा बेरजेवर वाटतो तसा ∨ इथे ∧ वर वाटायचा:

~प ∨ (ख ∧ ~व) म्हणजे (~प ∨ ख) ∧ (~प ∨ ~व)

सीएनएफ करताना ∨ वाटायचा, डीएनएफ करताना ∧. कुठला वाटायचा याचा गोंधळ झाला तर शेवटी बाहेर कोण उरायला हवा ते बघा. सीएनएफमध्ये बाहेर 'आणि' उरतो, म्हणजे वाटला जाणार तो 'किंवा'. एकूण उत्तर:

(~प ∨ ख) ∧ (~प ∨ ~व) ∧ (~ख ∨ व ∨ प)

एखाद्या कलमात प आणि ~प दोन्ही आले तर ते कलम नेहमीच खरं असतं, सरळ खोडून टाका. एकच लिटरल दोनदा आला तर एकदाच ठेवा. आपल्याकडे दोन्ही नाही.

आता वाचा

कलम वाचायची माझी पद्धत अशी की ते मोडलं तर काय होईल ते बघायचं. (~प ∨ ख) मोडतं तेव्हा पंप चालू असतो आणि खाली पाणी नसतं. पंप जळतो. (~प ∨ ~व) मोडलं की वरची टाकी भरूनही पंप चालू राहतो आणि गच्चीवरून धबधबा. (~ख ∨ व ∨ प) मोडलं की खाली पाणी आहे, वर जागा आहे आणि पंप बंद. सकाळी सात वाजता सेक्रेटरींना फोन. सीएनएफ म्हणजे तक्रारींची यादी, एका तक्रारीला एक कलम. आणि 'च' कुठे आहे बघा: 'तरच'मधून पहिली दोन कलमं आली, नुसत्या 'तर'मधून तिसरं.

वायरमनने जोडलं होतं ते प ↔ ~व. त्याचा सीएनएफ त्याच पायऱ्यांनी काढा:

(~प ∨ ~व) ∧ (प ∨ व)

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की बैठकीत तासभर चाललेला वाद दोन ओळींत दिसतो. (~प ∨ ख) हे कलम त्याच्याकडे नाहीच. आणि आपल्या तिसऱ्या कलमाच्या जागी त्याचं (प ∨ व) आहे, ~ख ची सवलत काढून घेतलेलं: वर जागा असली की चालव, मग खाली काही असो वा नसो.

डीएनएफ हवा असेल तर

वाटणी उलटी करून डीएनएफ काढता येतो, पण तीन-चार विधानं असतील तर सत्यता सारणीच बरी, म्हणजे विधानांच्या खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता. तीन विधानांच्या आठ ओळी. खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०. आपला नियम खरा ठरतो अशा ओळी चार. प, ख, व या क्रमाने:

१ १ ०
० १ १
० ० १
० ० ०

ओळीत १ असेल तिथे विधान, ० असेल तिथे नकार, आणि मध्ये 'आणि':

(प ∧ ख ∧ ~व) ∨ (~प ∧ ख ∧ व) ∨ (~प ∧ ~ख ∧ व) ∨ (~प ∧ ~ख ∧ ~व)

ही चालतील अशा परिस्थितींची यादी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फक्त ख चा फरक आहे, म्हणजे दोन्ही मिळून ~प ∧ व. तिसऱ्या-चौथ्यात फक्त व चा, म्हणून ~प ∧ ~ख. (तिसरा गट दोनदा वापरला तरी चालतो.) उरलं:

(प ∧ ख ∧ ~व) ∨ (~प ∧ व) ∨ (~प ∧ ~ख)

याच सारणीतून सीएनएफही निघतो. खोट्या ओळी घ्यायच्या आणि चिन्हं उलटी करायची: १ असेल तिथे नकार, ० असेल तिथे विधान, मध्ये 'किंवा'. आपल्या चार खोट्या ओळींतून चार कलमं येतात, आणि वरच्यासारखीच जोडाजोड केली की मघाची तीन मिळतात. उत्तर पडताळायला मी हेच करतो.

डीएनएफचा एक फायदा उघड आहे. नियम पाळता येण्याजोगा आहे का, हे बघायला प आणि ~प एकत्र नसलेला एक गट सापडला की पुरे. मग सगळी सूत्रं डीएनएफमध्येच का नाही मांडायची?

गाडी इथे अडते

कारण वाटणीत सूत्र फुगतं, दोन्ही दिशांना. (अ ∧ ब) ∨ (क ∧ ड) चा सीएनएफ करून बघा: (अ ∨ क), (अ ∨ ड), (ब ∨ क), (ब ∨ ड), चार कलमं. अशा जोड्या तीन असतील तर ८, दहा असतील तर १,०२४, वीस असतील तर १०,४८,५७६. मूळ सूत्र मात्र वहीच्या दोन ओळींत मावेल. 'आणि' आणि 'किंवा'ची अदलाबदल केली की डीएनएफची हीच गत.

यावर लेनिनग्राडचे गणितज्ञ ग्रिगोरी त्सेइतिन यांनी १९६८ साली छापलेल्या निबंधात एक युक्ती दिली. वाटायचंच नाही. प्रत्येक पोटसूत्राला नवं नाव द्यायचं आणि त्या नावाचा अर्थ कलमांत सांगायचा. (अ ∧ ब) ला म म्हणा, (क ∧ ड) ला न. मग मूळ सूत्र उरतं (म ∨ न), आणि सोबत म ↔ (अ ∧ ब) व न ↔ (क ∧ ड) जोडायचं.

म ↔ (अ ∧ ब) ओळखीचं वाटतंय? पंपाचाच नियम आहे. प च्या जागी म, ख च्या जागी अ, ~व च्या जागी ब ठेवा:

(~म ∨ अ) ∧ (~म ∨ ब) ∧ (~अ ∨ ~ब ∨ म)

म्हणजे दर जोडीला तीन कलमं आणि शेवटी एक. दोन जोड्यांना सात, इथे तोटाच आहे. तीन जोड्यांनाही दहा, म्हणजे आठापेक्षा जास्त. चारांपासून फायदा सुरू होतो आणि वीस जोड्यांना दहा लाखांच्या जागी ६१ कलमं पुरतात. हे नवं सूत्र मूळ सूत्राशी समतुल्य नसतं, त्यात नवी नावं आली आहेत. पण एक पाळता येत असेल तर दुसरंही येतं आणि एक अशक्य असेल तर दुसरंही अशक्य. लहान सूत्राला हाताने वाटणी करा, मोठ्याला त्सेइतिन.

कॉम्प्युटरला द्यायचं झालं तर

सीएनएफला इतका मान आहे तो सॅट सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रॅममुळे. सगळी कलमं एकदम खरी करता येतात का, एवढंच ते शोधतात. हा प्रश्न सर्वसाधारणपणे किती अवघड आहे ते संगणकशास्त्रज्ञ स्टीफन कुक यांनी १९७१ साली दाखवलं. तरी प्रत्यक्षातल्या बऱ्याच मोठ्या याद्या हे प्रोग्रॅम फोडून दाखवतात. त्यांतला मिनीसॅट फुकट मिळतो. त्याला द्यायची फाइल डिमॅक्स पद्धतीची. विधानांना क्रमांक द्यायचे, नकाराला उणे चिन्ह, एका ओळीत एक कलम आणि ओळीच्या शेवटी शून्य. सगळ्यात वर एका ओळीत विधानं किती आणि कलमं किती ते. प ला १, ख ला २, व ला ३ दिलं तर, ती वरची ओळ सोडून, आपला नियम असा (फाइलमध्ये आकडे इंग्रजी घाला):

-१ २ ०
-१ -३ ०
-२ ३ १ ०

एखादी गोष्ट घडू शकते का हे विचारायचं असेल तर तीच कलमं म्हणून खाली जोडायची. पंप कोरडा चालेल का? प आणि ~ख, म्हणजे '१ ०' आणि '-२ ०' या दोन ओळी. उत्तर येतं: अशक्य. हे हातानेही दिसतं, कारण प खरं धरलं की पहिलं कलम ख मागतं.

आता वायरमनची जोडणी द्या आणि तोच प्रश्न विचारा:

-१ -३ ०
१ ३ ०
१ ०
-२ ०

यावर मात्र उत्तर येतं 'शक्य', आणि सोबत पुरावा म्हणून एक ओळ: १ -२ -३ ०. पंप चालू, खालची टाकी रिकामी, वरची भरलेली नाही. मे महिन्यातली ती रात्र.